बगळ्याचा जीर्णोद्धार

बगळा माझ्याकडे बघत होता.

मी मोटारसायकल बंद केली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वर पाहिलं. तरी तो बघतच होता. आरवंडे बंदरावरची ती लोखंडी क्रेन, जिला सगळा गाव 'बगळो' म्हणायचा, कित्येक वर्षं खाडीच्या काठावर मान लांब करून गंजत उभी होती. पण आजवर तिला डोळे नव्हते. आता होते. दशावतारातल्या राक्षसाचे असतात तसे, टपोरे, लालभडक कडांचे. मान निळी, चोच पिवळी, पाय चंदेरी. पायांना केळीचे खांब बांधलेले, गळ्यात झेंडूची माळ आणि खालच्या चौथऱ्यावर फोडलेला नारळ.

"कसो दिसता?" इंदूवैनीने टपरीतून विचारलं. तिच्या हातात चहाची किटली होती आणि चेहऱ्यावर पोराचा पहिला नंबर आल्यासारखा आनंद.

"वैनी, हे कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? गावान केल्यान. खंडेनवमीक पुजूचो होतोच, म्हटला रंगवयाच. डोळे धोंडू मेस्त्रीन काढल्यान. नाटकाचे पडदे रंगवता तो. उरलेलो रंग होड्यांचो. एक पैसो लागूक नाय बगा!"

"पण का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमीच सांगलास मां, मास्तरांनू?"

मुंबईहून निघालेली वारसा समितीची जीप तासाभरात पोचणार होती. मी टपरीच्या बाकावर बसलो. वैनीने पुढ्यात चहा ठेवला. तो गार होईपर्यंत मी त्याच्याकडे नुसता बघत होतो.

मी कोण, हे सांगितल्याशिवाय माझ्या मूर्खपणाची खोली कळायची नाही. मी निवास थोरात, माण तालुक्यातला. आमच्याकडे पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागतं. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायला म्हणून कोकणात आलो आणि खाडी बघून खुळावलो. मी प्राध्यापक होतो, पण आरवंड्याच्या लेखी मास्तर. आणि माझ्या पाठीमागे 'घाटी मास्तर'. पाठीमागे म्हणजे मला ऐकू येईल इतक्याच मागे.

आरवंडे बंदराचा शोध मीच लावला, असं मी वर्षभर लोकांना सांगत होतो. लोक तिथे जन्मापासून राहत होते, ही गोष्ट मला किरकोळ वाटायची. डोंगरातल्या खाणीतून लोहखनिज ट्रकने इथे यायचं, बगळा ते उचलून बार्जमध्ये ओतायचा आणि बार्ज खाडीतून समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या बोटीकडे जायच्या. त्या काळात गावात वाळत घातलेलं धोतर तांबडं, भातावरची धूळ तांबडी, कुत्रीसुद्धा तांबडी. मग खाण आटली, कंपनी गेली आणि बगळा तेवढा मागे राहिला. इतर बंदरांवरच्या अशा क्रेन केव्हाच भंगारात गेल्या होत्या. ही एकटी जशीच्या तशी होती: तोच गंज, तेच रिबीट, केबिनच्या पत्र्यावर कंपनीने रंगवलेली तीच अर्धी पुसलेली अक्षरं.

आणि हिचाही लिलाव झाला होता. गजानन पावसकर नावाच्या रत्नागिरीकडच्या ठेकेदाराने सगळं बंदर भंगार म्हणून घेतलं होतं. त्याचा ट्रक, गॅसच्या टाक्या आणि कापणारी माणसं आदल्या रात्रीपासून जेट्टीवर तळ ठोकून होती. समितीने बंदराला वारसा म्हणून संरक्षण दिलं तर कापणं थांबणार, नाही तर दसऱ्यानंतर सुरू. जेट्टी मोकळी करून तारेचं कुंपण घालायचं, असंही ठरलेलं होतं. म्हणजे बगळ्याच्या पायाशी असलेली इंदूवैनीची टपरी जाणार. पलीकडच्या तीरावर माणसं नेणारी होडी, म्हणजे तर, तिथूनच सुटायची. तरीची माणसं आणि मासेवाले हेच तिचं गिऱ्हाईक. पण तिला टपरीपेक्षा दुसरंच काही जास्त लागलं होतं, आणि ते ती मला एकदाच बोलली होती.

"माझो घोव त्या केबिनीत बसायचो," ती वर बघत म्हणाली होती. "पाळी संपली की भोंगो वाजवायचो. तो ऐकलो की मिया भात वेळायचंय. तापान गेलो बिचारो, कंपनी जावच्या आदल्या वर्साक. घोव गेलो, कंपनी गेली. आता ह्यो पण गेलो तर मिया वर मान करून बघू कोणाक?"

मी तिला शब्द दिला होता. शब्द देण्यात आम्ही माणदेशी लोक उदार. पावसाच्या बाबतीतही आम्हाला तसेच शब्द मिळत आलेत.

समितीला मी प्रस्ताव पाठवला. त्यात पानोपानी 'मूळ स्थितीत', 'मूळ स्वरूपात' असं लिहिलं होतं, कारण माझा सगळा दावा त्याच एका गोष्टीवर उभा होता. गावाचाही पाठिंबा दिसायला हवा, म्हणून दसऱ्याच्या सुटीत घरी जाण्याआधी रवळनाथाच्या देवळात मी भाषण ठोकलं. मला भाषणाचा नाद होता. समोर मानकरी दाजी राऊळ बसले होते, बाकी गाव होता, बायकांत इंदूवैनी होती. मी आवाज चढवून म्हणालो, "बंधूभगिनींनो, हा बगळा म्हणजे लोखंडाचा ढिगारा नव्हे. हे तुमच्या श्रमाचं मंदिर आहे. तुम्ही तुमच्या देवळाला जसं जपता, तसंच ह्याला जपा!"

टाळ्या पडल्या. मी खूष होऊन गावाकडे निघून गेलो.

आता बाकावर बसल्यावर मला आठवलं की मी ज्या देवळात हे बोललो, त्याचा आदल्याच वर्षी जीर्णोद्धार झाला होता. जुन्या चिऱ्याच्या भिंतींना गुलाबी ऑइलपेंट, गाभाऱ्यात न्हाणीघरात लावतात तसल्या फरशा, लाकडी खांबांवर सोनेरी रंग. आरवंड्यात देऊळ जपतात ते असं. भाषणाच्या वेळी मी त्याच गुलाबी भिंतीला टेकून उभा होतो. हात दाखवून अवलक्षण करणारे जगात पुष्कळ असतील; मी ध्वनिक्षेपकावरून केलं होतं.

"दाजी," मी शेवटी म्हणालो, कारण दाजी राऊळ येऊन शेजारी बसले होते, "टर्पेंटाइनने हा रंग तासाभरात उतरेल?"

दाजी सत्तरीचे, बारीक, डोक्यावर पांढरी टोपी. ते शांतपणे म्हणाले, "कित्याक उतरवतास? खंडेनवमीक गाऱ्हाणा घालून झाला. नारळ दिलो. आता तेचो रंग उतरवूचो म्हणजे देवाचे कपडे काढल्यासारखा."

"अहो, पण समितीला तो जुना हवा होता!"

"जुनोच आसा तो. फकस्त कपडे नवे."

जीप आली. कर्णिक मॅडम उतरल्या. समितीच्या प्रमुख त्याच. पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात कॅमेरा. दोन पावलं चालून थांबल्या आणि त्यांनी मान वर केली. बगळ्याने त्यांच्याकडे आणि त्यांनी बगळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"थोरात," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या फोटोत हे नव्हतं."

"नाही, मॅडम. हे परवाचं आहे."

"केबिनवरची अक्षरं?"

मी वर बघितलं. जिथे अक्षरं होती तिथे उजवा डोळा होता.

"रंगाच्या खाली असतील," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात मी बोललेल्या दुबळ्या वाक्यांत ते पहिलं यावं.

इंदूवैनी पुढे झाली. "बाय, उन्हातसून इलास, चाय घेवा. कसो वाटलो आमचो बगळो? तुमच्यासाठीच सजवलंव."

कर्णिक मॅडमनी चहा घेतला. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी वैनीला सांगितलं की फार मेहनतीने रंगवलाय. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. चार दिवस आधी आले असते तर आजच सही केली असती. पण मूळ स्वरूप गेलंय. मी काय लिहू? डोळे मूळचे नाहीत, चोच मूळची नाही, गंज खरवडून टाकलाय. समिती हसेल मला."

"त्यांचं चुकलं नाही, मॅडम. मीच तसं सांगितलं होतं."

"तुम्ही रंगवायला सांगितलं?"

"देवळासारखं जपा म्हणालो."

त्यांना हसू आवरेना. तोंडावर रुमाल धरून त्या जीपमध्ये बसल्या. जीप वळली, धूळ उडाली. माझं तोंड बघून सगळ्यांना कळलं होतं.

इंदूवैनीने किटली खाली ठेवली. "आमचा चुकला काय, मास्तरांनू?"

"नाही," मी म्हणालो.

"आमीच मारलंव म्हणा तेका. हातान रंगवून मारलंव." ती पदराने डोळे पुसत बगळ्याच्या पायाला टेकून बसली. मला तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं. पण भाषण सोडून मला बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पावसकर ट्रकच्या सावलीत बसला होता. गलेलठ्ठ, पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. तो उठून आला. "झालं ना सर? मग आता आम्ही कामाला लागतो. बसाप्पा, टाकी उघड रे!"

बसाप्पा हा त्याचा कापणारा, बेळगावकडचा. तो आपली नळी घेऊन बगळ्यापाशी आला. नारळ पाहिला, कुंकू पाहिलं. मग त्याने वर डोळ्यांकडे पाहिलं आणि नळी खाली ठेवली.

"शेट, हे देवाचं दिसतंय."

"अरे, कसला देव? लोखंड आहे! लिलावात घेतलंय मी!"

"असल. पण कुंकू लावलंय. आदी गाववाल्यास्नी इचारा."

पावसकर चिडून दाजींकडे वळला. पण चिडलेला असूनही त्याने आधी चपला काढल्या, हे मी पाहिलं. कोकणात राखणदाराची भीती सगळ्यांना सारखीच. आणि राखणदार कुठे असेल ते सांगता येत नाही. वडात असतो, धोंड्यात असतो, मग क्रेनमध्ये का नसावा?

"अहो, तुम्ही गावचे वडीलधारे," पावसकर म्हणाला. "ह्या माणसांना समजवा. ह्यात कुठला आलाय देव?"

दाजी सावकाश उठले. टोपी सारखी केली. "माका काय म्हायत? आपण इचारूया. इचारूक काय जाता?" आणि बगळ्यापुढे हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. गाव आपोआप त्यांच्या मागे उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा, बारा वाडयेच्या राखणदारा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव म्हणाला.

"आज ह्यो परगावचो पावणो तुज्या दारात इलेलो आसा. पोटासाठी इलो, तेच्या मनात काय वाकडा नाय..."

"व्हय महाराजा!"

"ह्या बगळ्यान गावाक जेवूक घातल्यान. गाव तेका इसारलो नाय. यथाशक्ती रंग दिलो, नारळ दिलो, ता मानून घे..."

"व्हय महाराजा!"

मी मागे हाताची घडी घालून उभा होतो. हे सांगायलाच हवं की आमच्या कॉलेजच्या विज्ञान मंडळाचा मी चिटणीस होतो. कौल लावणं, गाऱ्हाणं घालणं ह्यांवर मी कडक भाषणं केली होती; त्यातलं एक ह्याच गावात. इतक्या वर्षांत कुठल्याही गाऱ्हाण्याला मी एकदाही 'व्हय महाराजा' म्हटलेलं नव्हतं. सगळ्यांना ते ठाऊक होतं. सुरुवातीला रागवायचे, मग त्यांनी 'घाटी आसा' म्हणून सोडून दिलं होतं.

पावसकरची नजर नेमकी माझ्या हाताच्या घडीवर पडली.

"थांबा!" तो ओरडला. "हे सर बघा, हे म्हणत नाहीत. हे शिकलेले आहेत. सर, तुम्हीच माझ्या माणसांना सांगा. तुम्ही सांगितलंत तर बसाप्पा ऐकेल. हे नुसतं लोखंड आहे की नाही?"

बसाप्पाने मान हलवली. "प्रोफेसर म्हंतील ते."

सगळे वळून माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदा एवढा जमाव माझं मत ऐकायला खरोखर उत्सुक होता, आणि मला पळून जावंसं वाटत होतं. ते नुसतं लोखंडच होतं. मी त्याची लांबी-रुंदी मोजली होती, त्यावर निबंध लिहिला होता. गेली सहा वर्षं मी ह्याच लोकांना सांगत होतो की दगडात देव नसतो, लोखंडात नसतो. ते खरं होतं आणि आजही मला तसंच वाटतं.

इंदूवैनी एकटीच माझ्याकडे बघत नव्हती. ती केबिनकडे बघत होती. भोंगा वाजायची वाट बघितल्यासारखी.

दाजी माझ्याकडे पाठ करूनच उभे होते. त्यांनी मान वळवली नाही. फक्त मघापेक्षा सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "ह्या बगळ्यात तुजो वास आसा, महाराजा."

आणि गाव गप्प राहिला. एकाने तोंड उघडलं नाही. त्या म्हाताऱ्याने ती ओळ माझ्यासाठी मोकळी सोडली होती.

"व्हय महाराजा," मी म्हणालो.

आवाज चिरका आला. घाटी हेल लागला तो वेगळाच. पण आला तो मोठ्याने; भाषणाची सवय कुठे जाते? मग माझ्यामागून गाव असा गरजला की पलीकडच्या तीरावर तरीत बसलेली माणसं उभी राहिली.

बसाप्पाने टाकीची चावी फिरवून बंद केली. पावसकरने एकदा बगळ्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. मग टपरीतून नारळ मागवला, बगळ्यापुढे ठेवला आणि दोन्ही कान धरले. गोदामांचे पत्रे, रूळ आणि तारा घेऊन तो संध्याकाळी गेला. बगळा आणि त्याच्या पायाखालची जेट्टी सोडून गेला; कुंपणाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

मी निघताना इंदूवैनीने पुडीत बांधून नारळाचा अर्धा भाग माझ्या हातात दिला. "प्रसाद," ती म्हणाली. "खातास मां?"

खाल्ला. विज्ञान मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी चिटणीसपदाचा राजीनामा दिला. कोणी मागे घ्यायचा आग्रह केला नाही. ज्याने माझी जागा घेतली, तो त्याच महिन्यात सत्यनारायण घालून नव्या घरात राहायला गेला.

ह्या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. मी निवृत्त झालो आणि माणला परत न जाता आरवंड्यातच राहिलो. खाडीचं खूळ काही गेलं नाही. दाजी गेले. दर खंडेनवमीला बगळ्याला नवा रंग लागतो, डोळे धोंडू मेस्त्रीचा जावई काढतो. आणि गाऱ्हाण्यात ती एक ओळ आली की गाव अजूनही गप्प राहतो आणि माझ्याकडे बघतो. मी ती म्हणतो. तो आता माझा मान आहे. घाट उतरून आलेल्या माणसाला कोकणात दुसरा कुठला मान मिळालेला मी ऐकला नाही.

गेल्या महिन्यात सरकारी सर्वेक्षणाची एक मुलगी आली. हातात टॅब, डोक्यावर टोपी. खाडीकाठची जुनी बंदरं पुन्हा नोंदवतायत म्हणे. बगळा बघून ती हरखून गेली. सगळीकडून फोटो काढले, आणि मग टपरीत येऊन बसली. इंदूवैनी आता म्हातारी झालीय, पण चहा तीच करते.

"आजी, ही क्रेन अशीच रंगवलेली होती का आधीपासून?" मुलीने विचारलं. "असं कुठेच पाहिलं नाही मी. ही लोककलाच आहे. पण मला लिहावं लागेल, हे डोळे मूळचे की नंतर काढलेले?"

वैनीने माझ्याकडे बोट दाखवलं. "माका नको इचारू गो. ह्या मास्तरांका इचार. ते इतिहासाचे आसत. खोटा बोलनत नाय."

मुलगी टॅबवर बोट धरून माझ्याकडे बघत थांबली. मी वर पाहिलं. रंगाच्या थरांखाली कुठेतरी कंपनीची ती अक्षरं होती, आणि मला आता ती नीट आठवतसुद्धा नव्हती. तिथून शांतारामचा, म्हणजे वैनीच्या नवऱ्याचा, भोंगा वाजायचा एवढं मात्र मला पाठ होतं. मी तो कधी ऐकलेला नसूनही.

"मूळचे," मी म्हणालो.

तिने लिहून घेतलं. वैनीने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला आणि अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा."